झटके खरे, रिपोर्ट नॉर्मल

"धाकटी बहीण २४ वर्षांची. लग्नानंतर वर्षभरात झटके सुरू झाले. एमआरआय, ईईजी नॉर्मल. फिटच्या गोळ्यांनी फरक नाही. डॉक्टर म्हणतात, मानसिक आहे. सासरचे म्हणतात, नाटक करते. आता देवऋषीकडे न्यायचं चाललंय. काय करू?"
– एक ताई, सातारा

ताई, बहीण नाटक करत नाही, हे आधी घरात सगळ्यांसमोर ठणकावून सांगा. मेंदूचा शरीरावरचा ताबा तेवढ्यापुरता सुटतो, आणि तो ती मुद्दाम सोडत नाही. यांना फंक्शनल किंवा डिसोसिएटिव्ह झटके म्हणतात. एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते, असा कामातला बिघाड दिसत नाही.

तरी निदान पक्कं करून घ्या. साध्या ईईजीच्या, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या तपासणीच्या वेळी झटका आला नाही, तर मिरगी असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. खात्री होते ती व्हिडिओ ईईजीने, झटका चालू असतानाच्या नोंदीवरून. तोवर पुढचा झटका मोबाइलवर टिपा आणि न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. चेहरा, डोळे, हातपाय नीट दिसू द्या. डोळे घट्ट मिटलेले, मान डावी-उजवीकडे हलते, मध्येच थांबून पुन्हा सुरू होतं, असं असेल तर कल फंक्शनलकडे. मिरगीत डोळे बहुधा उघडे असतात आणि झटका दोन-तीन मिनिटांत आटोपतो. पण एका खुणेवरून ठरवू नका. काहींना दोन्ही असतात. म्हणूनच गोळ्या परस्पर बंद करू नका. एकदम थांबवल्या तर मिरगीचा मोठा झटका येऊ शकतो.

झटका आला की डोक्याखाली मऊ काहीतरी द्या, गर्दी हटवा, एकानेच शांतपणे बोलत राहा. दाबून धरू नका. तोंडात चमचा नको, नाकाशी कांदा-चप्पल तर नकोच. निदान होईपर्यंत झटका पाच मिनिटांवर गेला, ओठ निळे पडले, इजा झाली किंवा ती गरोदर असेल, तर थेट हॉस्पिटल गाठा.

फंक्शनल झटक्यांवरचा मुख्य उपचार म्हणजे मानसोपचार, त्यातही सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं बदलायला शिकवणारी बोलण्यातून होणारी थेरपी. झटक्याआधी धडधड, मुंग्या, सगळं लांब गेल्यासारखं वाटणं अशा खुणा तिला ओळखता येतील. त्या क्षणी पाय जमिनीवर घट्ट टेकवून समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यायची. आधी काय घडलं, झोप किती झाली, हे वहीत लिहायचं.

आणि एकदा तिला एकटीला माहेरी बसवून विचारा, सासरी त्रास आहे का? प्रत्येकीच्या बाबतीत तसं असतंच असं नाही, पण विचारायलाच हवं. देवऋषीचा विषय निघाला तर सांगा, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मानसोपचारतज्ज्ञ जवळ मिळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.