वर्दीतला वाघ मुखवटा घातल्यासारखा का दिसतो?

भाऊ, तुझे तिन्ही स्केच पाहिले. वाघ हवालदार काढून राहिलास, पट्टे-मिशा सगळं जागेवर, तरी कोणीतरी माणसानं वाघाचा मुखवटा लावल्यासारखा दिसतो, चेहऱ्यात काय चुकलं असं तू विचारलंस. चेहऱ्यात काहीच चुकलं नाही, चेहरा झकास आहे. चुकली मान. तू आधी जिमवाला माणूस काढला आणि मग त्याचं डोकं उतरवून वाघाचं बसवलं, ते तिथंच कळतं.

आपली कवटी कण्यावर वरून ठेवल्यासारखी असते, कणा खालून येतो. वाघाचा कणा कवटीला मागून येऊन लागतो. म्हणजे वाघाला नुसता दोन पायांवर उभा केला तर त्याचं तोंड आभाळाकडे होईल, ते समोर आणायचं तर मान पुढे वाकवावीच लागते. म्हणून मान जाड घे, डोक्यापेक्षा फार बारीक नको, खांद्यांच्या थोडी पुढे काढ आणि गालाचे केस सरळ कॉलरवर येऊ दे. दुसरं खांदे. आपले खांदे रुंद राहतात ते कॉलरबोनमुळे, मांजरकुळात ते हाड एवढंसं असतं आणि दुसऱ्या हाडांना धड जोडलेलंही नसतं, म्हणून त्यांची छाती अरुंद पण खोल. खांदे थोडे उतरते केले की अर्धा वाघ तिथंच दिसायला लागतो.

हे सांधे लपवायचे कसे ते शिकायचं असेल तर गणपतीच्या आधी नागपूरच्या महाल भागात चितारओळीत, म्हणजे मूर्तिकारांच्या गल्लीत, एक चक्कर मार, खरंच सांगतो. हत्तीचं डोकं न् माणसाचं धड, इतकं अवघड काम, पण आपल्याला ते कधी खटकत नाही, कारण मान दिसतच नाही! कान खांद्यावर, सोंड छातीवरून पोटावर, उरलेल्या जागेत हार. तुझ्याकडे सोंड नाही पण कॉलर आहे, शिट्टीची दोरी आहे, वापर ना.

आता पाय. गुडघा उलटा वाकतो असं समजून तू काढलाय, तो गुडघा नव्हेच, ती टाच आहे. वाघ, कुत्रा, मांजर बोटांवर चालतात, टाच वर हवेत असते आणि खरा गुडघा त्याच्याही वर, पोटाजवळ, पुढेच वाकतो, आपल्यासारखाच. गल्लीतलं कोणतंही कुत्रं बघ, फुकटात समजतं. अस्वल मात्र आपल्यासारखं पूर्ण तळवा टेकवतं, म्हणून उभं अस्वल काढणं तुलनेनं सोपं. तुझ्या हवालदाराला बूट हवेतच असतील तर पाय सरळ माणसाचेच ठेव, पण मग सगळ्या पात्रांचे तसेच ठेव, एकाचे असे एकाचे तसे चालत नाही. शेपूट बेल्टमधून काढू नको, ती कण्याचंच टोक आहे, बेल्टच्या खाली माकडहाडापाशी येते.

बारीकसारीक: वाघाच्या डोळ्यातली बाहुली गोल असते, घरच्या मांजरीसारखी उभी चीर नाही. कानाची मागची बाजू काळी आणि त्यात पांढरा ठिपका. पट्टे हातावर बांगडीसारखे वळव आणि डावी-उजवी बाजू सारखी नको, खऱ्या वाघाची कधीच नसते. आणि राग भुवयांनी नको दाखवू, कान मागे पाड.

माझीही फजिती सांगून ठेवतो. तान्ह्या पोळ्यासाठी, म्हणजे पोरांच्या लाकडी बैलांच्या सणासाठी, एका सोसायटीला हसऱ्या बैलाचं पोस्टर करून दिलं होतं, वरचे-खालचे दात चमकवून. काटोलकडचे मामा पोस्टर बघून म्हणे, "बैलाले वरचे पुढचे दात कधीपासून आले रे बाप्पा?" नसतातच! वर नुसती कडक हिरडी, बैलाचं वय सांगताना दोन दाती-चार दाती म्हणतात ते खालचे. छापून झालं होतं, काय करणार. तेव्हापासून तोंड उघडायच्या आधी जनावराचे दात बघतो.

रेफरन्ससाठी महाराजबागेच्या प्राणिसंग्रहालयात स्केचबुक घेऊन बस, गोरेवाड्याच्या सफारीत गाडी हलत राहते, तिथं फक्त व्हिडिओ काढ. अजब बंगल्यात, म्हणजे आपल्या म्युझियममध्ये, पेंढा भरलेले प्राणी आहेत, ते बिचारे हलत नाहीत, पाय न् पाठ तिथं काढ, चेहरा मात्र जिवंत जनावराचाच बघ.

टॅबलेट कोणता घेऊ विचारलंस, आत्ता कोणताच नको. सहा महिने पेन्सिल घास. आणि पुढचं स्केच टाकशील तर आधी वर्दी न चढवता टाक, पाय न् मान दिसू दे, मग बोलू.