प्लेटलेट कमी म्हणजे दरवेळी डेंगू नव्हे

तुम्ही लिहिलंय: वडिलांचं वय ५८, मधुमेह, दारूला कधी शिवलेले नाहीत. लिव्हरच्या रक्ततपासण्यांत एसजीपीटी ३६ म्हणजे नॉर्मल, एसजीओटी ४८, प्लेटलेट एक लाख दहा हजार, सोनोग्राफीत ग्रेड २ फॅटी लिव्हर आणि प्लीहा 'जराशी' मोठी. डेंगू निगेटिव्ह, तरी डॉक्टर म्हणतात व्हायरल असेल, पपईच्या पानांचा रस द्या. तुमची पोस्ट वाचून पोटात गोळाच आला. नाव बदललं तर ही आमच्या आईची फाइल आहे.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. तळलेलं बंद करा, चाला, वजन उतरवा हे बाकीच्यांनी सांगितलंच आहे. मी प्लेटलेटवरच बोलणार.

लिव्हर वर्षानुवर्षं सुजत राहिलं की कडक होतं (शेवटी सिरॉसिस), आतड्यांकडून येणारं रक्त मागे तुंबतं, प्लीहा फुगते आणि प्लेटलेट तिच्यात अडकून पडतात. डेंगूत उतरलेला आकडा ताप गेल्यावर काही दिवसांत वर येतो. लिव्हरमुळे उतरलेला येत नाही.

आमच्या घराजवळच्या दवाखान्यात (नाव घेत नाही) दर पावसाळ्यात तेच. आईला ताप, सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), प्लेटलेट नव्वद हजारांच्या आसपास, 'डेंगूसारखं काहीतरी'. पुण्यात ऑगस्ट-सप्टेंबरात हे निदान कुणालाही पटतं. पण हिवाळ्यात शुगरच्या तपासणीबरोबर केलेल्या सीबीसीतही आकडा तोच होता, आणि तो कागद त्यांच्याच फायलीत लावलेला होता. मागचं पान उलटायला किती वेळ लागतो हो? वर ऐकवलं, एसजीपीटी नॉर्मल आहे, लिव्हर ठणठणीत. अहो, सिरॉसिसमध्येही एसजीपीटी नॉर्मल येऊ शकतं! पुढे शौच डांबरासारखी काळी व्हायला लागली, तेही लोहाच्या गोळ्यांवर ढकललं. मग ऐन गणपतीत रक्ताची उलटी. अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या, एन्डोस्कोपीतून रबरी बँड घालून बांधाव्या लागल्या. वेळेवर कळलं असतं तर त्या फुटायच्या आधीच बांधता आल्या असत्या, कदाचित त्या शिरांमधला दाब कमी करणाऱ्या कार्व्हेडिलॉलच्या गोळीवरच भागलं असतं. आणि इमर्जन्सीत आईला पहिला प्रश्न काय, तर "आजी, किती वर्षं दारू घेताय?" असो.

आता तुमचे आकडे. लिव्हर किती कडक झालं असेल याचा अंदाज देणारा फिब-४ नावाचा एक साधा हिशेब आहे. वय गुणिले एसजीओटी वर. खाली प्लेटलेट (हजारांत) गुणिले एसजीपीटीचं वर्गमूळ. म्हणजे (५८ × ४८) भागिले (११० × ६), उत्तर साधारण ४.२. १.३ च्या खाली असेल तर सहसा घाई नसते, २.६७ च्या वर गेलं की लिव्हरच्या डॉक्टरांना दाखवायचं. हे निदान नव्हे, चाळणी आहे. पण ४.२ असताना पपईचा रस पीत बसू नका, फायब्रोस्कॅनची (लिव्हरचा कडकपणा मोजणारी तपासणी) चिठ्ठी मागा. हिपॅटायटिस बी आणि सी तपासले नसतील तर तेही करून घ्या. फॅटी लिव्हर दिसलं म्हणून दुसरं कारण नसेलच असं नाही, आणि सी तर आता बहुतेकांचा साधारण १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो.

रागावू नका, पण सोसायटीतल्या कुणी वडिलांना गुळवेलीचा काढा दिला असेल तर तो बंद करा. त्याने लिव्हरला इजा झाल्याच्या केसेस २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी नोंदवल्या आहेत. गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामक गोळीही मनाने नको.

समजा सिरॉसिस निघालाच, तर कडक उपास सोडायला लावा. रात्रभर पोट रिकामं राहिलं की शरीर स्नायू मोडून खातं, म्हणून आमच्याकडे झोपताना दूध आणि राजगिऱ्याचा लाडू ठरलेला आहे (तुमच्याकडे मधुमेह आहे, तेव्हा लाडवाचं विचारून). लॅक्टुलोज (पोट साफ करणारं औषध) दिलं तर पोट साफ होतंय म्हणून परस्पर थांबवू नका, लिव्हर बिघडल्यावर डोक्यात गोंधळ होऊ शकतो, ते डोकं ताळ्यावर ठेवायला असतं. दिवसा झोप, रात्री जाग, शर्टाची बटणं लावताना गोंधळ असं काही दिसलं तर वयावर ढकलू नका, त्याच दिवशी दाखवा.

फायब्रोस्कॅनला जाताना आधीचे तीन तास काही खायचं नसतं. आणि जुने सगळे सीबीसी तारखेप्रमाणे लावून फायलीत सगळ्यात वर ठेवा.