स्टिक सोडली तरी पात्र चालतेच

प्रश्न : गेम कंट्रोलरची डावी स्टिक कॅलिब्रेट केली (तिचा मध्य पुन्हा ठरवून दिला), तरी दोन दिवसांत पात्र पुन्हा आपोआप डावीकडे सरकते. उपाय? – एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर : टेस्टर (स्टिकची स्थिती आकड्यात दाखवणारे अ‍ॅप किंवा वेबपान) उघडून स्टिक चारही दिशांना ढकलून सोडा, आकडा पाहा. दरवेळी एकाच जागी, समजा ०.०६ वर थांबला, तर फक्त मध्य सरकलाय, कॅलिब्रेशन पुरे. डेडझोन, म्हणजे मध्याजवळची जेवढी हालचाल गेम मोजत नाही ती मर्यादा, ०.०८ ठेवा. ०.२० केलात तर सरकणे थांबेल, पण बारीक नेमही जाईल.

आकडा थरथरत असेल तर पोटेन्शिओमीटरमध्ये (स्टिकची हालचाल मोजणाऱ्या भागात) धूळ आहे किंवा कार्बनचा थर झिजलाय. तुमचे लक्षण हेच वाटते. कंट्रोलर बंद करून ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलचे एक-दोन थेंब त्या भागात सोडा, स्टिक फिरवा, पूर्ण वाळू द्या. झीज असेल तर स्टिकचे अख्खे मोड्यूलच बदला. त्यासाठी साधारण १४ सोल्डर जोड सोडवावे लागतात, नवख्याने हात घालू नये.