बारा वर्षांपूर्वीचा लिनक्स ड्रायव्हर गळ्यात पडलाय. नव्याने लिहू की साफ करू?

नव्याने लिहू नका. निदान हार्डवेअर चालवणारा हा आधीचा प्रोग्राम पूर्ण कळेपर्यंत तरी नको. लिहिणारा माणूस सोडून गेला, कॉमेंट नाहीत, हे सगळं समजू शकतो. पण ‘अर्ध्या ओळी उगाचच आहेत’ हे तुमचं वाक्य वाचलं आणि मला माझाच पराक्रम आठवला.

नागपुरात गायत्रीनगरच्या आयटी पार्कात बसून मी अशाच एका पीसीआय कार्डाचा (संगणकाच्या स्लॉटमध्ये खोचायच्या कार्डाचा) ड्रायव्हर सांभाळतो. कार्ड हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मोजमाप करतं. कोडमध्ये एके ठिकाणी रजिस्टरमध्ये (कार्डाला हुकूम द्यायच्या आणि त्याची स्थिती वाचायच्या खणात) लिहून कार्ड रीसेटमध्ये टाकलं होतं, लगेच तेच रजिस्टर वाचून आलेली किंमत फेकून दिली होती, मग १० मायक्रोसेकंद थांबून रीसेट काढला होता. फेकायचंच तर वाचायचं कशाला? मी ती ओळ उडवली. टेबलावर सगळं झकास चाललं.

कारखान्यात मात्र मशीन दहादा सुरू केलं की एखाद वेळी कार्ड उठेचना. महिना मे. नागपुरात मे महिन्यात काहीही बिघडलं की खापर उन्हावर. आम्हीही पॅनेलचं दार उघडून समोर कूलर लावला. चार दिवस त्यात पाणी भरण्यात गेले. शेवटी आमच्या हार्डवेअरवाल्या दादांनी डिफ (जुन्या-नव्या कोडमधला फरक) मागितला आणि म्हणाले, “काऊन बे, ही रीड कोणी काढली?”

झालं होतं असं : पीसीआयवर मेमरी-मॅप्ड रजिस्टरला (मेमरीच्या पत्त्यावरून गाठायच्या रजिस्टरला) केलेलं लिखाण ‘पोस्टेड’ असतं. प्रोसेसर पत्र पेटीत टाकून पुढच्या कामाला लागतो, पत्र मधल्या ब्रिजमध्ये (दोन बस जोडणाऱ्या चिपमध्ये) रेंगाळू शकतं. त्याच कार्डावरून काही वाचायला गेलात, की आधीचं लिखाण पोचल्याशिवाय उत्तर येत नाही. ती रीड काढल्यावर माझे १० मायक्रोसेकंद पत्र वाटेत असतानाच संपायचे आणि कार्डाला रीसेट मिळायचा तो नावापुरता. टेबलावर कार्ड थेट स्लॉटमध्ये होतं, कारखान्यात मध्ये आणखी एक ब्रिज होता. कूलर बिचारा निर्दोष.

याचंच एक भावंड म्हणजे वाचलं की आपोआप साफ होणारं स्टेटस रजिस्टर. डीबगसाठी तिथे एक जास्तीची रीड घातलीत तरी इंटरप्ट (कार्डाने प्रोसेसरला मारलेली हाक) हरवू शकतो. म्हणून रजिस्टरला हात लावणारी प्रत्येक ओळ डेटाशीट शेजारी ठेवून वाचा. मशीन एक्स८६ असेल तर काही बदलण्याआधी एमएमआयओट्रेस हे कर्नलमधलं साधन लावून जुन्या ड्रायव्हरची कार्डाच्या मेमरी-मॅप्ड रजिस्टरांशी झालेली देवाणघेवाण नोंदवून ठेवा; पुढे प्रत्येक बदलानंतर ताडून पाहायला तीच नोंद कामी येते.

बाकी सफाई बिनधास्त करा. मोकळ्या जागा, नावं, मेलेले इफडेफ (कधीच न लागणारे अटींतले तुकडे) यांचे कमिट (नोंदवलेले बदल) वेगळे आणि वागणूक बदलणारे वेगळे, म्हणजे उद्या गिट बायसेक्टने (कमिट अर्धे-अर्धे करत दोषी शोधणाऱ्या आज्ञेने) चोर सापडतो. कोडची शैली तपासणाऱ्या चेकपॅचच्या प्रत्येक तक्रारीमागे धावू नका, त्यातून रिव्ह्यू करणाऱ्याचा जीव जातो आणि कार्डाला काडीचा फरक पडत नाही.

एरर आल्यावर मेमरी सोडायची गोटूंची (goto उड्यांची) माळ डेव्हएमच्या, म्हणजे घेतलेलं आपोआप परत करणाऱ्या, फंक्शनांनी बरीच कमी होते. फक्त इंटरप्ट जपून : डेव्हएमने घेतलेला इंटरप्ट, ड्रायव्हर काढताना चालणारं रिमूव्ह फंक्शन संपल्यावर सुटतो. त्याआधी तुम्ही हाताने बफर मोकळा केला आणि कार्डाने हाक मारली, तर त्या हाकेला ओ देणारा हँडलर मोकळ्या केलेल्या मेमरीत जाऊन पडेल. आधी कार्डावरच इंटरप्ट बंद करा.

ड्रायव्हर कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) अधिकृत कोडच्या झाडाबाहेर असेल तर डागडुजी सुटत नाही, कारण आतले एपीआय (ड्रायव्हर वापरतो ती फंक्शनं) स्थिर ठेवायची कर्नलची पद्धतच नाही. कर्नल ४.१५ मध्ये टायमर लावायची जुनी पद्धत काढली, तेव्हा आमचं बिल्ड कोसळलं होतं. दोन-चार वर्षांनी एकदम उडी मारण्यापेक्षा प्रत्येक एलटीएसवर (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या कर्नल आवृत्तीवर) बिल्ड करत राहिलेलं परवडतं.

आणि सगळ्यात आधी सुटी कार्डं मिळवा. २०१९ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टॉर्वाल्ड्स यांनी कर्नलमधल्या फ्लॉपी ड्रायव्हरवर ‘अनाथ’ (सांभाळणारा कोणी नाही) असा शिक्का मारला, कारण चालू फ्लॉपी ड्राइव्ह मिळणंच दुर्मीळ झालं होतं. माझ्याकडे दोन कार्डं उरलीत. एक मशीनमध्ये, दुसरं ड्रॉवरमध्ये, आणि त्या ड्रॉवरची किल्ली दादांकडे आहे.