साखर आटोक्यात असताना लघवीची तपासणी आणि नवी गोळी कशासाठी?

तुमचा प्रश्न असा : आईंना 12 वर्षं मधुमेह, एचबीए1सी (दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर) 7.1, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) नॉर्मल. तरी परळच्या डॉक्टरांनी लघवीतलं अल्ब्युमिन (एक प्रथिन) तपासायला सांगितलं आणि 10 मिलिग्रॅम डापाग्लिफ्लोझिन लिहून दिलं. गरज आहे का?

तपासणीची तर नक्कीच आहे. क्रिएटिनिन वाढू लागेपर्यंत मूत्रपिंडाची बरीच ताकद गेलेली असते. अल्ब्युमिन बहुधा त्याच्या आधीच झिरपू लागतं. लॅबमध्ये 'युरीन एसीआर', म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, असं स्पष्ट सांगा. 'युरीन रूटीन' करून परत आलात तर उपयोग नाही, त्यातल्या पट्टीवर थोडं अल्ब्युमिन दिसतच नाही. शक्यतो सकाळची पहिली लघवी द्या. 30 च्या आत (मिलिग्रॅम/ग्रॅममध्ये) ठीक, 30 ते 300 म्हणजे वाढलेलं, त्यापुढे जास्तच. मात्र ताप, लघवीचं इन्फेक्शन किंवा आदल्या दिवशीची जबर दमछाक यांनीही आकडा फुगतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरू नका. तीन ते सहा महिन्यांत तीनपैकी दोन रिपोर्ट वाढलेले आले तरच तो खरा धरतात.

आता संशोधन. ब्रिटनच्या यूकेपीडीएस अभ्यासाचे निष्कर्ष 1998 मध्ये आले. एचबीए1सी 7.9 ऐवजी 7 ठेवलेल्यांमध्ये बारीक रक्तवाहिन्यांचे, म्हणजे मुख्यतः डोळ्यांचे आणि मूत्रपिंडाचे, त्रास 25 टक्क्यांनी कमी झाले. त्याच अभ्यासात वरचा रक्तदाब 154 ऐवजी 144 ठेवलेल्यांमध्ये ते 37 टक्क्यांनी घटले. हा दुसरा आकडा कुणाच्या लक्षातच राहत नाही! आणि साखर आणखी खाली ओढावी तर अकॉर्ड अभ्यासात 6 च्या खाली नेऊ पाहणाऱ्या गटात मृत्यू वाढले, 2008 मध्ये तो भाग थांबवावा लागला. तेव्हा 7.1 वर आईंच्या ताटातली भाकरी आणखी कमी करू नका, बीपीकडे बघा.

डापाग्लिफ्लोझिन इथे साखरेपेक्षा मूत्रपिंडासाठी असणार. 2020 च्या डापा-सीकेडी अभ्यासात मूत्रपिंडाची ताकद निम्म्याने घटण्याचा, ते निकामी होण्याचा किंवा त्यापायी, हृदयविकारापायी दगावण्याचा एकत्रित धोका 39 टक्क्यांनी कमी झाला. पण त्यातल्या सगळ्यांचं एसीआर 200 च्या वर होतं. आईंचं 15 निघालं तर फायदा इतका मोठा धरता येणार नाही; म्हणून आधी रिपोर्ट, मग डॉक्टरांशी गोळीबद्दल बोलणं.

गोळी सुरू झाली तर पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडाचा रक्त गाळण्याचा वेग, थोडा उतरतो. ते अपेक्षितच असतं, घाबरून परस्पर बंद करू नका. लघवीतून साखर जात असल्यामुळे लघवीच्या जागी खाज, बुरशी होऊ शकते. जागा धुऊन कोरडी ठेवायची. उलट्या-जुलाब लागले किंवा कडक उपवास असला तर गोळी थांबवायची, ऑपरेशन ठरलं असेल तर तीन दिवस आधीपासून. कधी कधी ग्लुकोमीटरवर साखर फारशी वाढलेली दिसत नाही आणि रक्तात कीटोन (चरबी जळून होणारी आम्लं) साचलेले असतात. मळमळ, पोटदुखी, धाप असेल तर वाट न बघता दवाखाना गाठा. आणि गुडघे दुखतात म्हणून केमिस्टकडून डायक्लोफेनॅक आणून रोज घेणं बंद. एवढं जपलेलं मूत्रपिंड त्यानेच बिघडतं.

डोळ्यांत थेंब टाकून पडद्याची तपासणी वर्षातून एकदा. मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी बरीच वर्षं चालू असेल आणि तळपाय जळत असतील तर रक्तातलं व्हिटॅमिन बी12 बघून घ्या. पायाला बधिरपणा असेल तर मुंबईच्या पावसात गुडघाभर पाण्यातून चालणं टाळलेलंच बरं, खालची काच टोचलेली कळत नाही. चालावंच लागलं तर घरी आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या करा आणि तळवे रोज तुम्हीच बघा, त्यांना वाकून दिसणार नाहीत.