सिस्टर सिटीचा करार झाला, आता प्रत्यक्षात मैत्री कशी करायची?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या नगरपालिकेने जपानमधल्या एका शहराशी सिस्टर सिटीचा, म्हणजे दोन शहरांच्या मैत्रीचा, करार केला, वेशीवर फलक लागला, दोनदा शिष्टमंडळं येऊन गेली आणि तीन वर्षांत पुढे काहीच हललं नाही. आता आम्ही साध्या नागरिकांनी काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे. मी पुण्यात अठरा वर्षं जपानी शिकवते आहे. दुभाषी म्हणून अशा बऱ्याच भेटींमध्ये मधल्या खुर्चीवर बसलेली आहे. तेव्हा जे डोळ्यांनी पाहिलं, त्यावरून सांगते: कराराचा कागद जरा बाजूला ठेवा आणि दोन्ही गावांना ज्याची वर्षानुवर्षं निगा राखावी लागेल, असं एखादं काम शोधा.

आमच्याकडे ते काम म्हणजे एक बाग. सिंहगड रस्त्यावरची पु. ल. देशपांडे बाग सगळ्यांना माहीत असते, पण तिचं 'पुणे-ओकायामा मैत्री उद्यान' हे नाव फार थोड्यांना ठाऊक असतं. ती बेतली आहे जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन या बागेवरून. तिथले सरदार इकेदा त्सुनामासा यांनी 1687 मध्ये कोराकुएनचं काम सुरू केलं आणि 1700 मध्ये ती उभी राहिली. 1934 च्या पुरात आणि 1945 च्या बॉम्बहल्ल्यात तिची दैना झाली, तेव्हा लोकांनी जुनी चित्रं समोर ठेवून ती जशी होती तशी पुन्हा उभी केली. आजही त्या बागेत भातखाचर आहे, चहाची झुडपं आहेत आणि मधोमध मोठी हिरवळ आहे. पुण्याच्या बागेत हिरवळीवर पाऊल टाकलं की रखवालदार शिट्टी मारतो, म्हणून लोक चिडतात. कोराकुएनच्या त्या हिरवळीचं कौतुक एकदा ऐकलं की मग चिडायला होत नाही.

कोराकुएनवरून बेतलेली आणखी एक बाग कॅलिफोर्नियात सॅन होजेला आहे. ओकायामा आणि सॅन होजे 1957 पासून सिस्टर सिटी आहेत. तिथली बाग 1965 मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी ओकायामाने तिच्या तळ्यासाठी कोई नावाचे रंगीत मासे पाठवले. 2017 मध्ये कायोटी क्रीक या ओढ्याच्या पुराचं पाणी तिथेही शिरलं. आणि सॅन होजे 1992 पासून पुण्याचीही सिस्टर सिटी आहे! तीन देशांतली ही तीन गावं एकाच बागेच्या नात्याने एकमेकांशी जोडलेली आहेत, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं.

एकदा ओकायामाहून दहाबारा जणांचा गट आला होता. त्यात सत्तरी ओलांडलेले एक आजोबा होते, शेतकरी. आम्ही बागेत शिरलो. बाकीचे पुलावर फोटो काढत होते आणि हे ओढ्याच्या कडेला उकिडवे बसून दगडांच्या फटीतलं तण उपटायला लागले. आमचे माळीकाका धावत आले, "म्याडम, त्यांना सांगा, राहू द्या, आम्ही काढतो." मी तसं सांगितलं. आजोबांनी मान डोलावली आणि विचारलं, तुम्ही हे कशाने काढता? माळीकाकांनी कमरेचं खुरपं दाखवलं. आजोबांनी ते हातात घेऊन धार अंगठ्याने बघितली, मुठीचं लाकूड निरखलं आणि मग हवेत बोटाने स्वतःच्या विळ्याचा आकार काढून दाखवला. पुढचा तासभर मी फक्त या दोघांचं भाषांतर करत होते. उन्हाळ्यात पाणी किती वेळा देता, गवत किती बोटं ठेवता, मासे कोण चोरतं. जेवणाची वेळ टळली, वरून दोन फोन येऊन गेले, पण त्या दोघांना उठवायला माझं मन होईना.

तुमच्या गावाला बाग नसेल. हरकत नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीच्या आठशेहून अधिक बायकांनी एका टेबलक्लॉथवर आपापली नावं भरतकामात भरली आणि तो रशियातल्या स्टालिनग्राडला, म्हणजे आताच्या व्होल्गोग्राडला, पाठवला. दोन्ही शहरं युद्धात भाजून निघालेली होती. तो कपडा व्होल्गोग्राडच्या संग्रहालयात आजही जपून ठेवलेला आहे. मुंबई आणि जर्मनीतलं श्टुटगार्ट यांचं नातं 1968 चं, आणि तिथे 2004 पासून भारतीय सिनेमांचा महोत्सव भरतो आहे. जपानच्या योकोहामात तर भारतीय व्यापाऱ्यांनी यामाशिता पार्कमध्ये बांधलेलं एक कारंजं आहे. 1923 च्या भूकंपात गावकऱ्यांनी त्यांना जो आधार दिला, त्याची आठवण म्हणून ते बांधलं. मुंबई-योकोहामा करार 1965 चा, म्हणजे माणसांची ओळख त्याच्या कितीतरी आधीची. तुमच्या गावात काय आहे ते बघा. विणकर असतील, द्राक्षवाले असतील, लेझीमचं पथक असेल. त्या गावात त्याच धंद्यातली किंवा त्याच छंदातली माणसं शोधा आणि त्यांची गाठ घालून द्या. ओकायामाची द्राक्षं आणि पांढरे पीच जपानभर नावाजलेले आहेत. नाशिकचा बागायतदार तिथे गेला तर त्याला बोलायला विषय शोधावा लागणार नाही.

सगळं पालिकेच्या भरवशावर मात्र ठेवू नका. हे कळकळीने सांगते, कारण एका गावात मी याचे परिणाम पाहिलेत. ज्या अधिकाऱ्यांना आस्था होती त्यांची बदली झाली आणि जपानहून आलेल्या मेलना आठ महिने कुणी उत्तरच दिलं नाही. समोरच्यांनी चार वेळा विचारलं आणि मग तेही गप्प झाले. त्याच गावात पाहुणे आले तेव्हा दोन तास भाषणं, शाली आणि श्रीफळं चालली होती. जपानी गाणं महिनाभर बसवलेली शाळेची मुलं उन्हात उभी होती आणि शेवटी 'वेळेअभावी' त्यांचं गाणंच कापलं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं. ओसाका आणि सॅन फ्रान्सिस्को यांचं साठ वर्षांहून जुनं नातं 2018 मध्ये एका पुतळ्यावरून ओसाकाच्या महापौरांनी संपवलं. म्हणून पाचसात नागरिकांची समिती करा. पत्रव्यवहाराची फाइल तुमच्याकडे ठेवा आणि दर पत्राला आठवड्यात उत्तर द्या, चार ओळींचं का होईना.

पाहुण्यांना हॉटेलात ठेवू नका, घरी उतरवा. आमच्याकडे आलेल्या एका बाईंनी ओकायामाचे किबिदांगो आणले होते. ते म्हणजे मऊ गोड गोळे. आईने त्यांना उकडीच्या पारीला मुखऱ्या पाडायला शिकवलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. पहिले तीन मोदक फुटले, चौथा जमला.

आणि भाषा शिका. गावातल्या दहा जणांनी वर्षभर शिकली तरी पुरे. जपानीत सिस्टर सिटीला 'शिमाई तोशी' म्हणतात. त्यातल्या 'शिमाई' या शब्दात एक अक्षर थोरलीचं आणि एक धाकटीचं असतं. वर्गात हे सांगितलं की मुलं हमखास विचारतात, मग आपण थोरली की धाकटी?

जपानी लोक नवीन वर्षाला 'नेंगाजो' नावाची पत्रं पाठवतात. एक जानेवारीला ती घरोघर पोचतात. त्या आजोबांना मी दर डिसेंबरात पाठवत असे. त्यांचंही यायचं, भातलावणीचा फोटो असलेलं, आणि खाली ठरलेला प्रश्न: माळीसान बरे आहेत ना? मी ते पत्र बागेत नेऊन काकांना वाचून दाखवायची. मग एका नोव्हेंबरात करड्या काठाचं एक कार्ड आलं. घरात कुणी गेलं असेल तर यंदा आम्ही शुभेच्छा देणार-घेणार नाही, असं आधीच कळवायची त्यांच्याकडे रीत आहे. ते कार्ड आजोबांच्या पत्नीने पाठवलं होतं.

आपल्याकडेही अशा घरी त्या वर्षी फराळ करत नाहीत, आप्त नेऊन देतात. दिवाळी होऊन गेली होती, तरी मी चकल्या आणि शंकरपाळ्या केल्या, डबा बांधला, आणि ही रीत जपानीत लिहून आत ठेवली. माळीकाकांना सांगायला गेले तेव्हा ते थोडा वेळ ओढ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "डब्यात माझंही नाव घाला." जानेवारी संपताना आजींचं उत्तर आलं. घरातल्या देव्हाऱ्यात आजोबांच्या फोटोपुढे दोन चकल्या ठेवल्या होत्या, त्याचा फोटो होता. खाली लिहिलं होतं, माळीसानना सांगा, विळा आता नातू चालवतो.