पंचवीस नव्हे, साडेसतरा पट

प्रश्न : वय ४५. बचत दीड कोटी, घरखर्च महिना ५० हजार, म्हणजे वर्षाच्या खर्चाच्या २५ पट जमले. वर्षाला ६ लाख शिल्लकही पडतात. परतावा १२ टक्के धरलाय. नोकरी आत्ता सोडू, ५०ला की ५५ला? (दीड कोटीत पॉलिसीचे हमखास ४५ लाख धरलेत. हप्ता वर्षाला २ लाख. ५ भरले, १० राहिले.)

उत्तर : तुमचा खरा प्रश्न कंसात आहे. ते ४५ लाख मिळणार साठीला, तेही आणखी २० लाख भरलेत तर. आजच्या बचतीत ते आले कुठून? ६ टक्के महागाई धरली तर त्यांची आजची किंमत १९ लाख. ते वगळा. हातात १ कोटी ५ लाख, साडेसतरा पट.

आता पॉलिसी. १५ वर्षांत ३० लाख भरायचे, विसाव्या वर्षी ४५ घ्यायचे. ‘दीडपट’ ऐकायला गोड. परतावा जेमतेम ३ टक्के. विकणाऱ्याने हा आकडा सांगितला नसणारच. गेलेल्या १० लाखांवर रडू नका. कंपनीकडून लेखी मागवा : आज सरेंडर केली (मोडून पैसे घेतले) तर किती, आणि पेड-अप केली (पुढचे हप्ते न भरता तशीच चालू ठेवली) तर मुदतीअखेर किती. पेड-अपचे १५ लाखांच्या आसपास असतील, तर पुढच्या २० लाखांवर तुम्हाला ४ टक्केही सुटत नाहीत. हप्ते थांबवा. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर आधी टर्म विमा (फक्त मृत्यू झाल्यास घरच्यांना पैसे देणारा) घ्या, तो हातात पडल्यावरच हप्ता बंद.

वर्षखर्चाच्या २५ पट जमले की निवृत्त व्हावं, हा आडाखा अमेरिकी आर्थिक सल्लागार विल्यम बेंगेन यांच्या १९९४च्या अभ्यासातून आला : अमेरिकी बाजार, ३० वर्षांची निवृत्ती. तुम्हाला नव्वदीपर्यंत ४५ वर्षं काढायचीत. आणि १२ टक्के दरवर्षी पगारासारखे येत नाहीत. पहिल्या दोन-तीन वर्षांत बाजार आपटला आणि खर्चासाठी तेव्हाच फंडाचे युनिट विकावे लागले, तर तेजीत वाढायला फारसं उरत नाही. मी महागाईच्या वर २ टक्केच धरतो.

त्या हिशेबाने आत्ता सोडलीत तर पैसे ६७व्या वर्षाच्या आसपास संपतात. हप्ता वाचवून वर्षाला ८ लाख टाकलेत, महागाईप्रमाणे वाढवत, तर ५०ला २६ पट होतात आणि ८८पर्यंत पुरतात. काठावर. ५२ला ३० पट, नव्वदीच्या पुढे. ५५पर्यंत थांबायची गरज दिसत नाही.

पत्रात आजारपणाचा आकडाच नाही. नोकरीबरोबर ऑफिसचा आरोग्यविमाही जाईल. स्वतःचा आत्ताच काढा आणि त्याचा हप्ता घरखर्चात मिळवून २६ आणि ३० पुन्हा मोजा.